पंधरा महिने झाले, अजून चालत नाही, बोलत नाही: थांबायचं की दाखवायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं सारखी नाहीयेत. आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा 15 महिन्यांचा, 34व्या आठवड्यात जन्मलेला, जन्मल्यावर दहा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता. रांगतो एकदम जोरात, सोफ्याला धरून बाजूबाजूने चालतो पण हात सोडत नाही. "बाबाबा", "दादादा" दिवसभर चालू असतं पण कळेल असा शब्द एकही नाही. जावेची मुलगी तेराव्या महिन्यात सगळ्या घरभर चालायला लागली आणि चार-पाच शब्द बोलते, सासूबाई म्हणतात याचा बाबाही दीड वर्षाचा होईस्तोवर चालला नव्हता, कुणीतरी वॉकर आणायला सांगितलंय, आणि फोनवरच्या एका चार्टमध्ये "12 महिने: चालते, 2-3 शब्द बोलते" असं वाचल्यापासून तुमची झोप उडालीये. विचारलंय एवढंच, की थांबू का दाखवू, आणि घरी काय करू.

तुमचा जीव टांगणीला लागलाय म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही लिहिलंय त्यावरून चालण्यासाठी अजून थोडं थांबायला हरकत नाही. बोलण्यासाठी मात्र नुसतं थांबू नका, कानांची तपासणी आत्ताच करून घ्या आणि खाली लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी तो करतो का ते या आठवड्यात नीट बघा. मी मुलांच्या विकासाच्याच ओपीडीत काम करते आणि हा प्रश्न या ना त्या रूपात सतत येतो, पण तुमच्या मुलाला मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, त्यामुळे हे वाचून तपासणी झाली असं धरू नका.

पहिली गोष्ट वयाची. तो 34व्या आठवड्यात आला म्हणजे पूर्ण दिवसांच्या, 40 आठवड्यांच्या हिशोबाने 6 आठवडे लवकर आला, आणि मेंदूची वाढ ही जन्मतारखेपेक्षा गर्भधारणेपासून मोजावी लागते, म्हणून विकासाच्या बाबतीत तो आज 15 नाही, साधारण साडेतेरा महिन्यांचा आहे. याला आम्ही करेक्टेड वय म्हणतो आणि ते साधारण 2 वर्षांपर्यंत वापरतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे हा हिशोब लावायचा नाही, यात खूप जणांचा गोंधळ होतो. म्हणजे जावेच्या मुलीशी तुलना करायचीच असेल (करू नयेच, पण घरात होते हे मलाही कळतं) तर ती दीड महिना मागे सरकवून करायला हवी.

आता तो चार्ट. अशा चार्टमध्ये एकच आकडा लिहिलेला असतो आणि त्या आकड्याचा अर्थ काय ते कुठेच सांगितलेलं नसतं. "12 महिने: चालते" याचा अर्थ सगळी मुलं 12 महिन्यांना चालतात असा नसतो, साधारण निम्मी निरोगी मुलं तोवर चालायला लागलेली असतात आणि उरलेली निम्मी निरोगी मुलं अजून चालत नसतात एवढाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा 5 देशांतल्या 816 निरोगी मुलांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये आला, त्यात आधाराशिवाय चालण्याची रेंज 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत होती. सगळी निरोगी मुलं बरं का, आणि तरी नऊ महिन्यांचा फरक. त्याच अभ्यासात 4.3 टक्के मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत, सरळ पुढच्या टप्प्यावर गेली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सुद्धा मुलांच्या विकासाच्या टप्प्यांची यादी 2022 मध्ये बदलली, 15 महिने आणि 30 महिने असे टप्पे वाढवले, रांगणं काढून टाकलं, आणि निम्म्याऐवजी 75 टक्के किंवा जास्त मुलांना ज्या वयात एखादी गोष्ट जमायला हवी त्या वयाखाली ती लिहिली. नव्या यादीत आधाराशिवाय चालणं 18 महिन्यांखाली आहे. म्हणून एकाच मुलासाठी दोन चार्ट दोन वेगळी उत्तरं देतात, आणि रात्री बारा वाजता फोनवर ते वाचणाऱ्या आईला वाटतं की काहीतरी भयंकर आहे.

तर चालण्याबद्दल. किती महिन्यांना यापेक्षा मी कसं याकडे जास्त बघते. तो आधार धरून स्वतःहून उभा राहतो का, खाली पडलेलं खेळणं उचलायला गुडघे वाकवून बसतो आणि परत उठतो का, दोन्ही बाजूंना सारखाच सरकतो का की एकाच बाजूला, दोन्ही हात सारखे वापरतो का, टाच जमिनीला टेकते का की कायम चवड्यांवर, उचलल्यावर अंग खूप सैल किंवा खूप ताठ वाटतं का. तुम्ही लिहिलंय त्यात जोरात रांगणं आणि धरून चालणं आहे, म्हणजे गाडी पुढे सरकतेय, दोन महिन्यांपूर्वी जे जमत नव्हतं ते आज जमतंय आणि मला तेच हवं असतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, दीड वर्षाच्या आत मूल ठामपणे एकच हात वापरायला लागलं तर ते डावखुरं किंवा उजवखुरं आहे असं समजून सोडून देऊ नका, दुसऱ्या हातात काही अडचण आहे का ते बघावं लागतं. घरच्यांना बऱ्याचदा त्याचं कौतुक वाटतं, मी मात्र तिथे थांबून दोन्ही हात नीट तपासते.

सासूबाईंचं म्हणणं पण उडवून लावू नका. चालण्याचं वय खरंच घराण्यात चालतं, विशेषतः जी मुलं रांगण्याऐवजी बसून ढुंगणावर सरकतात ती उशिरा चालतात आणि आई-बाबांपैकी कुणीतरी तसंच सरकलेलं असतं. पण "बाबाही उशिरा चालला" हे कारण करेक्टेड 18 महिन्यांपर्यंतच पुरतं. त्यानंतरही आधाराशिवाय चालत नसेल तर कुटुंबात कितीही जण उशिरा चालले असोत, तपासायचंच. मुलगा असेल तर त्यात एक साधी रक्ताची टेस्ट, क्रिएटिन कायनेज म्हणजे सीके, करून घेतात, कारण स्नायूंचा एक आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि उशिरा चालणं हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. हा आजार दुर्मिळ आहे, तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तर 18 महिन्यांची रेघ आम्ही का सोडत नाही ते कळावं म्हणून.

चालणं फक्त मेंदूच्या घड्याळावर चालत नाही हेही सांगायला हवं. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांनी ते थांबतं, पूर्वी समजायचे की मेंदू परिपक्व होतोय म्हणून ते जातं. एस्थर थेलेन नावाच्या संशोधिकेने अशा बाळांचे पाय पाण्यात धरले, आणि पावलं परत आली! म्हणजे पाय ताकदीपेक्षा जास्त वेगाने जड झाले होते, एवढंच. तुमच्या मुलाचं अंग, वजन, स्वभाव, जमिनीवर मिळणारी मोकळी जागा, दिवसातून किती वेळ कडेवर असतो, हे सगळं यात येतं. काही मुलं पडायला अजिबात तयार नसतात, ती महिनाभर धरूनच चालतात आणि मग एके दिवशी सोडतात ते थेट नीटच चालायला लागतात. दुसरी शंभरदा पडून शिकतात. कॅरेन अॅडॉल्फ या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं, 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळं खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. एवढी प्रॅक्टिस वॉकरमध्ये बसून होत नाही. वॉकर आणू नका, त्यात मूल चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही, उलट चालणं थोडं लांबू शकतं आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात ते वेगळेच. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली ती याच अपघातांमुळे. घरात अनवाणी राहू दे, सोफा आणि टेबल यांच्यात एका पावलाचं अंतर ठेवा, पलीकडे आवडतं खेळणं ठेवा, बस.

आता बोलणं, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण घरोघरी चालण्याची काळजी जास्त केली जाते आणि बोलण्याला "बोलेल की" म्हणून सोडलं जातं. माझा अनुभव असा की काळजीचा क्रम उलटा हवा. धरून छान चालणारं मूल बहुतेक वेळा चालतंच, पण न बोलणाऱ्या मुलाच्या मागे कान असू शकतो, समज असू शकते, माणसांशी जोडलं जाणं असू शकतं, किंवा काहीच नसतं आणि ते फक्त उशिरा बोलणारं असतं, आणि हे चारही बाहेरून सारखेच दिसतात. शब्द मोजून यातला फरक कळत नाही. शब्दाआधीचं काय आहे ते बघावं लागतं.

बघायचं काय तर पहिलं, बोट. त्याला उंचावरचं काही हवं असेल तर तो बोट करतो का, की तुमचा हात धरून एखादं हत्यार वापरावं तसा त्या वस्तूवर नेतो, की नुसताच रडतो? आणि त्याहून महत्त्वाचं, काही नको असताना, नुसतं दाखवण्यासाठी बोट करतो का? आकाशात विमान गेलं, तो वर बघतो, बोट करतो आणि मग वळून तुमच्या तोंडाकडे बघतो, की तू पण बघितलंस ना? ते वळून बघणं माझ्यासाठी पाच शब्दांपेक्षा मोलाचं आहे. मागण्यासाठीचं बोट आधी येतं, साधारण वर्षाच्या आसपास, आणि दाखवण्यासाठीचं थोडं नंतर, दीड वर्षापर्यंत ते यायलाच हवं. दुसरं, तुम्ही लांबच्या वस्तूकडे बोट केलं तर तो तुमच्या बोटाकडे बघतो की त्या वस्तूकडे. तिसरं, मागून, हातवारे न करता, नेहमीच्या आवाजात नाव घेतलं तर बहुतेक वेळा वळतो का (खेळात गुंग असताना एखादवेळी नाही वळला तर सोडून द्या). चौथं, समज. हात पुढे करून "दे" म्हटलं की देतो का, "बॉल कुठेय" म्हटल्यावर शोधतो का, "नको" म्हटल्यावर क्षणभर तरी थांबतो का. टाटा करणं, टाळ्या, मान हलवून नकार देणं, हे पण सगळं भाषेतच मोजायचं.

"बाबाबा" कसं चाललंय तेही ऐका. सलग एकच आवाज आहे की त्यात चढउतार येतात, प्रश्न विचारल्यासारखं, रागावल्यासारखं, तुम्ही बोललात की तो थांबतो आणि तुम्ही थांबलात की तो बोलतो, असं आलटून पालटून होतं का? हे होत असेल तर संभाषणाचा पाया आहे, शब्द त्यावर बसतील. आणि शब्द म्हणजे स्पष्ट उच्चारच हवा असं नाही, कुत्रा दिसला की दरवेळी "भू" आणि पाणी हवं असलं की दरवेळी "पा" म्हणत असेल तर ते शब्दच आहेत, मोजा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हीतले शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं सांगून एक भाषा बंद करायला लावतात लोक, त्याला आधार नाही, कृपया तसं करू नका. "मुलगे उशिराच बोलतात" हेही तसंच, मुलगे आणि मुली यांच्या सरासरीत फरक आहे पण तो लहान आहे, त्यावर सहा-आठ महिने वाट बघण्याचं समर्थन होत नाही.

कानांच्या तपासणीवर मी अडून बसतेय त्याचं कारण एनआयसीयू. जन्मल्यावर त्याची ऐकण्याची टेस्ट झाली होती आणि "पास" होती असं तुम्ही लिहिलंय, पण कुठली झाली ते लिहिलं नाहीये. ओएई नावाची टेस्ट कानाच्या आतल्या पेशी काम करतात का ते सांगते, नसेतून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बेरा नावाची दुसरी टेस्ट सांगते, आणि एनआयसीयूतल्या मुलांमध्ये क्वचित पहिली पास आणि दुसरी नापास असं होतं. शिवाय जास्त दिवस एनआयसीयूत राहिलेल्या, काही अँटिबायोटिक्स दिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांमध्ये ऐकण्याचा त्रास नंतरही सुरू होऊ शकतो, त्यामुळे जन्माच्या वेळचा "पास" कायमचा धरता येत नाही. त्यात वारंवार सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, ताप नाही, पण सगळं दबक्या आवाजात ऐकू येतं. आणि दार आपटलं की दचकतो, टीव्हीची जाहिरात लागली की वळतो, म्हणून ऐकू येतंच असं म्हणू नका. मोठे, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला "स", "फ" असे बारीक आवाज ऐकू येत नसतील तर बोलणं त्याच्यासाठी अर्धवट पुसलेलं राहतं. माझ्याकडे बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी मी आधी करून घेते, मूल कितीही हुशार आणि मिळून-मिसळून वागणारं दिसत असलं तरी.

एका बाबतीत वयाचा, घराण्याचा, सातव्या-आठव्या महिन्यात आल्याचा कुठलाही हिशोब लावायचा नाही, आणि ते म्हणजे येत असलेली गोष्ट जाणं. आधी टाटा करायचा आता करत नाही, आधी दोन शब्द होते ते गेले, नजर द्यायचा ती कमी झाली, बसायचा आणि आता कलंडतो. कुठल्याही वयात असं झालं तर त्याच आठवड्यात दाखवा. दातांमुळे, आजारपणामुळे, घर बदलल्यामुळे असेल अशी समजूत काढून महिने घालवू नका.

मग थांबू का दाखवू याचं माझं म्हणणं असं आहे, की हे दोन्ही एकमेकांविरुद्ध नाहीतच. दाखवलं म्हणजे मुलाला काहीतरी लेबल लागेल अशी भीती असते, खूप आई-बाबा याच भीतीने वर्ष काढतात. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत आम्ही जमिनीवर बसून खेळतो, तुमच्याशी बोलतो, प्रश्नावली भरून घेतो. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, चाळणीसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी आहे ती 16 ते 30 महिन्यांसाठी आहे, म्हणजे त्याच्यासाठी अजून थोडी लवकर आहे, आणि ती चाळणीच आहे, त्यात जास्त गुण आले म्हणजे निदान झालं असं नसतं. बऱ्याचदा आम्हीच सांगतो की तीन महिन्यांनी परत या. थांबणंच आहे ते, पण कुणीतरी बघत असताना थांबणं. आणि थेरपी सुरू करायला निदानाची वाट बघावी लागत नाही, थोडं मागे आहे एवढं पुरतं. गरज नसलेल्या मुलाला चार महिने स्पीच थेरपिस्टने खेळवलं तर त्याचं काही बिघडत नाही. गरज असलेल्या मुलाचं वर्ष गेलं तर मात्र पहिल्या तीन वर्षांतला, मेंदू सगळ्यात भराभर जोडण्या करतो तो काळ गेला.

घरी काय करायचं हे तुम्ही शेवटी विचारलंय. फ्लॅशकार्ड नकोत, "बोल, बोल ना, आई म्हण" हेही नको, त्याने मूल गप्पच होतं. तो ज्याकडे बघतोय त्याबद्दल तुम्ही बोला, छोट्या वाक्यात, आणि मग थांबा. हे थांबणं अवघड जातं मोठ्यांना. त्याने आवाज केला, हात हलवला, काहीही केलं तरी ते उत्तर आहे असं समजून परत बोला. सगळं मागायच्या आधीच हातात देऊ नका, आवडतं खेळणं दिसेल पण पोचणार नाही असं ठेवा म्हणजे त्याला तुमच्याशी बोलायचं कारण मिळेल. टीव्ही मागे चालू ठेवू नका, 2 वर्षांच्या आत स्क्रीन शक्यतो नाहीच, एक वर्षाच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्लाही तोच आहे. स्क्रीनमुळे ऑटिझम होतो असं मी म्हणत नाहीये, पण तेवढा वेळ माणसांशी होणारी देवाणघेवाण बंद असते आणि या वयात भाषा तिथूनच येते.

आता तुमच्यापुरतं. ऐकण्याची तपासणी या महिन्यात. बोट, नाव, नजर, समज यातलं बहुतेक सगळं आहे असं दिसलं तर करेक्टेड 18 महिन्यांना विकासाची पूर्ण तपासणी करा, तोवर आधाराशिवाय चालणं, निदान तीनेक शब्द आणि दाखवण्यासाठीचं बोट आलेलं असायला हवं. यातलं बरंचसं नसेल, विशेषतः बोटही नाही आणि नावाला वळतही नाही असं असेल, तर 18 महिन्यांची वाट बघू नका, कानांच्या तपासणीबरोबरच विकासतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड आणि जन्माच्या वेळचा ऐकण्याचा रिपोर्ट न्या, आणि घरी खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या, कारण अनोळखी खोलीत मुलं अर्ध्याहून कमी दाखवतात. करेक्टेड 18 महिने म्हणजे तुमच्या मुलासाठी जन्मतारखेप्रमाणे साडेएकोणीस, ती तारीख आजच काढून लिहून ठेवा.